माझे दात, माझे पाय आणि धारोष्ण दूध

हे मी कुणाला धीर द्यायला लिहीत नाही. आजारपणात धीर देणारे इतके भेटले की त्या शब्दाचाच मला वीट आला आहे. ज्यांचे सांधे धरले आहेत, संध्याकाळी अंग तापतं आणि सकाळी अंथरूण घामाने ओलं होतं, त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी वाचलं नाही तरी माझं काही अडत नाही.

मी मुलुंडच्या एका शाळेत ड्रिल मास्तर. आडनाव साटम. वय तेव्हा अडतीस. आजारी माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा. सर्दी झाली म्हणून ड्रिलला सुट्टी मागणाऱ्या पोराला मी मैदानाला दोन फेऱ्या जादा घालायला लावत असे. माणूस आजारी पडतो तो आळसाने नाहीतर हावरटपणाने, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी कुणी न विचारता सांगत असे. रोज पहाटे जोर-बैठका मारायच्या, मग शाळेमागच्या रामधनीच्या तबेल्यात जायचं आणि म्हशीच्या आचळातून थेट पेल्यात धरलेलं दूध उभ्या उभ्या प्यायचं. धारोष्ण. फेसासकट. पंधरा वर्षांत एक दिवस खाडा नाही. आरेच्या बाटल्यांतलं सरकारी दूध तेव्हा नुकतंच उपनगरांत मिळू लागलं होतं. त्याला मी मेलेलं दूध म्हणायचो.

खुबा

दिवाळीची सुट्टी संपली आणि उजवा खुबा दुखायला लागला. मी दुर्लक्ष केलं. मग डावा गुडघा सुजला. मग पाठीच्या तळाशी असं काही धरलं की सकाळी कुशीवर वळताना मला भिंतीचा खुंटा पकडावा लागे. संध्याकाळी कणकण. आठ-दहा दिवस ताप यायचा, मग तीन-चार दिवस साफ जायचा, मी म्हणायचो सुटलो, आणि परत यायचा.

वैद्यांनी नाडी धरली आणि आमवात म्हणाले. आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांनी नाडीसुद्धा धरली नाही, लांबूनच संधिवात म्हणाले आणि एक मिक्स्चर दिलं. त्याने कान दिवसभर गुणगुणायचे. मी तक्रार केली तर म्हणाले, "म्हणजे औषध लागू पडतंय." माझ्या कानांची तक्रार नव्हती हो, गुडघ्याची होती. पण हे त्यांना सांगायला गेलो तर ते दुसऱ्या पेशंटला जीभ बाहेर काढायला सांगत होते.

माघ उजाडेपर्यंत मी काठीवर आलो. ड्रिल मास्तर काठीवर! पोरं तोंड फिरवून हसायची. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो. हेडमास्तरांनी बोलावून फार गोड आवाजात सांगितलं, "साटम, जूनपर्यंत जागा धरून ठेवतो. जूनला तुम्ही स्वतःच्या पायांवर मैदानात उभे दिसलात तर ठीक. नाहीतर माझाही इलाज नाही." गोड आवाजात बोलणाऱ्या माणसाचा मला कधीच विश्वास वाटला नाही, पण म्हणणं बरोबर होतं. बसून ड्रिल घेता येत नाही. मला दुसरं काही येत नव्हतं. घरी बायको, सात वर्षांची चिमी आणि बिनलग्नाचा थोरला भाऊ, दादा. जून यायला चार महिने होते आणि मला संडासापर्यंत जायला पाच मिनिटं लागत होती.

पाय हवेत की दात?

कुणीतरी गिरगावातल्या मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. विलायतेत शिकून आलेले. भिंतीवर सर्टिफिकेटं, टेबलावर काचेची मानवी कवटी. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "आ करा."

मी आ केला. माझे दात म्हणजे माझा अभिमान. अक्कलदाढा आल्याच नव्हत्या, बाकी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस शाबूत, सुपारी अडकित्त्याशिवाय फोडणारे. डॉक्टरांनी एक्स-रे काढवला, दिव्यासमोर धरला आणि एका करड्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवली.

"हे तुमचं दुखणं."

"डॉक्टर, दुखतोय गुडघा."

"गुडघा हा परिणाम. कारण इथे. दातांच्या मुळाशी जंतू लपून बसतात, रक्तात विष सोडतात, ते सांध्यात जाऊन साठतं. मूळ उपटलं की सांधे सुटतात."

मी म्हणालो, एकही दात कधी दुखला नाही. ते हसले. "तेच तर फसवं असतं." म्हणजे दुखत असता तरी दोषी, नाही दुखला तर जास्त दोषी. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, पाय हवेत की दात?"

मी म्हणालो, "पाय."

पहिल्या खेपेला सहा काढले. ताप चार दिवस गेला. मोठ्या डॉक्टरांना मोठा आनंद. ताप परत आला तेव्हा म्हणाले, अजून काही मुळं शिल्लक आहेत. दुसऱ्या खेपेला दहा. चैत्र संपता संपता उरलेले बारा. दर वेळी ताप आपल्या ठरल्या दिवशी जायचा, ठरल्या दिवशी यायचा. हा हिशेब पाचवीतल्या पोराला कळला असता. मला कळला नाही, कारण मला पाय हवे होते आणि समोर तो एकच माणूस पाय देतो म्हणत होता.

शेवटच्या खेपेनंतर घरी आलो तर चिमी दारातून माझ्याकडे बघत राहिली आणि आत पळाली. दोन दिवस माझ्याजवळ आली नाही. सुशीलेने, माझ्या बायकोने, भाताची पेज पुढे ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्या दिवशी मला रडू आलं हे कबूल करतो. दातांसाठी नव्हे. काठी टेकवून खाटेपासून दारापर्यंत जायला निघालो आणि मधेच खाली बसलो, म्हणून.

समाचार

समाचाराला येणाऱ्यांबद्दल दोन शब्द. खाटेच्या कडेला बसू नका. दुखरा पाय त्याच बाजूला असतो. आपल्या मेव्हण्याला असंच झालं होतं हे सांगू नका, विशेषतः मेव्हणा गेलेला असेल तर. आणि कुठलाही पाला वाटून आणू नका. माझ्या गुडघ्यावर त्या चार महिन्यांत इतके पाले बांधले गेले की शेळी आली असती तर खूश झाली असती.

ह्या सगळ्यांत वरचढ आमचा दादा. त्याने माझ्या पोषणाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. मला तबेल्यापर्यंत चालवेना म्हणून तो रोज दोन वेळा लोटा घेऊन जायचा आणि दूध काढलं की धावत घरी यायचा. "ऊब जायच्या आत पी." आजार वाढला तसं दूध वाढवलं. एक लोटा होता त्याचे दोन झाले. दादा स्वतः दूध पीत नसे. त्याला ते पचत नसे. तो दिवसाला नऊ कप चहा प्यायचा आणि मला शक्ती द्यायचा. सुशीला एकदाच म्हणाली, "आजारी माणसाला निदान तापवून तरी देऊ या." मी पांघरुणातून ओरडलो, "तापवलं की त्यातला जीव जातो! तुझ्या माहेरी कुणाला अक्कल नव्हती!" दात नसल्यामुळे ते वाक्य नीट आलं नाही, पण तिला पोचलं.

इस्पितळ

वैशाखात ताप एकशेचारावर गेला आणि शेजाऱ्यांनी मला उचलून घाटकोपरच्या एका इस्पितळात नेलं. मोठा वॉर्ड, चाळीस खाटा. पहाटे तोंडात थर्मामीटर, मग चहा, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी. फेरीतले डॉक्टर खाटेच्या पायथ्याचा कागद वाचत आणि कागदाशीच बोलत. कागदावर संधिवात लिहिलं होतं, म्हणून मी संधिवात होतो.

शेजारच्या खाटेवर भांडुपचे परब. मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त, पोटाचं ऑपरेशन झालेले. मी दिवसभर डॉक्टरांना, सिस्टरला, पेजेला शिव्या घालायचो. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "मास्तरानू, गप ऱ्हवा. इतको राग करून सांधे मोकळे होतले काय?" त्या वॉर्डात माझ्याशी खरं बोलणारा तो एकटा माणूस. मला कूस बदलवत नसे तेव्हा स्वतःच्या पोटाला हात धरून ते उठायचे आणि माझी उशी सरकवायचे. मी त्यांना एकदाही धन्यवाद दिले नाहीत.

दादाचा लोटा इस्पितळातही यायचा, टॉवेलात गुंडाळून, सिस्टरची नजर चुकवून. पाचव्या दिवशी मी तो तोंडाला लावला आणि त्याच वेळी रक्त घ्यायला लॅबोरेटरीतल्या देसाईबाई आल्या. तिशीच्या, बारक्या, जाड चष्मा. बाईमाणूस डॉक्टर म्हटल्यावर माझं त्यांच्याबद्दल काय मत झालं असेल ते सांगत नाही. तुम्ही ओळखलं असेल.

"काय पिताय?"

"दूध."

"इस्पितळाचं नाही दिसत."

"इस्पितळाचं पाणी मी पीत नाही. हे धारोष्ण आहे."

"म्हणजे तापवलेलं नाही?"

मी हसलो. म्हटलं, बाई पुस्तकं वाचून डॉक्टर झालेल्या, ह्यांना काय ठाऊक. मग मी त्यांना चांगली दहा मिनिटं शिकवणी दिली. म्हशीच्या अंगातली ऊब, दुधातलं ओज, तापवल्याने होणारा नाश. बाई हातात सुई धरून उभ्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं,

"घरात आणखी कोण पितं असं?"

"कोणी नाही. बायको आणि मुलगी तापवलेलं पितात. त्यांच्यात ताकदच नाही."

"त्यांना ताप येतो?"

"नाही."

"त्या तबेल्यात ह्या वर्षी म्हशी गाभडल्या का हो?"

हा प्रश्न शहरातल्या बाईच्या तोंडी मला अपेक्षित नव्हता. दिवाळीच्या आधी रामधनीच्या दोन म्हशी गाभडल्या होत्या, महिने भरायच्या आत. तो कपाळाला हात लावून बसला होता. मी स्वतः त्याची समजूत घातली होती आणि त्यातल्याच एका म्हशीचं दूध मागून प्यायलो होतो, कारण तिचं दूध दाट असायचं.

मी म्हणालो, "दोन."

बाईंनी लोटा माझ्या हातातून घेतला आणि खाली ठेवला. "मास्तर, हे आता पिऊ नका." पेन्सिलीने त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझं रक्त नेहमीपेक्षा दुप्पट घेतलं.

आठवड्याने त्या परत आल्या. फेरीतल्या डॉक्टरांसारख्या कागदाशी बोलल्या नाहीत, स्टूल ओढून बसल्या. म्हशी ज्याने गाभडतात तोच जंतू माझ्या रक्तात सापडला होता. नाव ब्रुसेला. कच्च्या दुधातून पोटात जातो, रक्तातून फिरतो, ताप चढवतो-उतरवतो आणि सांध्यांत ठाण मांडून बसतो. दूध उकळलं की मरतो.

"म्हणजे दातांत काही नव्हतं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "सगळेच सांधे जंतूंनी दुखत नाहीत, मास्तर. काही दुखतात. पण जंतू कुठला आणि आला कुठून, हे आधी शोधायला हवं." मग म्हणाल्या, "मला आधी भेटला असतात तर बरं झालं असतं."

दादाने हे ऐकलं आणि भडकला. "दुधाने कधी माणूस आजारी पडतो? बाईचं ऐकून चालायचं काय?" परब खाटेवरून म्हणाले, "दादानू, तुमी चायच पितास ना? मगे गप बसा." दादा तीन दिवस इस्पितळात फिरकला नाही. ते तीन दिवस फार सुखाचे गेले.

सुशीला

सुशीलेला मीच सांगितलं. मला वाटलं ती रडेल, देवाला हात जोडेल. तिने पेजेचा डबा बंद केला आणि उठून उभी राहिली.

"पंधरा वर्षं तुम्ही मला हसलात. दुधाला मारतेस म्हणालात. पाहुण्यांसमोर म्हणालात, पोरीसमोर म्हणालात. अठ्ठावीस दात एका परक्या माणसाच्या हवाली केलेत, आणि मला एकदा विचारलं नाहीत की सुशीला, तुला काय वाटतं. एकदासुद्धा नाही."

वॉर्ड ऐकत होता. चाळीस खाटा. मी म्हणालो, "हळू बोल."

"का? तुम्ही हळू बोलला होतात?"

ती गेली. दुसऱ्या दिवशी आली, पेज घेऊन, पण बोलली नाही. त्या एका दिवसात मला पहिल्यांदा भीती वाटली की पाय मिळतील आणि ते घेऊन जायला घर नसेल.

सुया आणि पावलं

स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि पिवळ्या कॅप्सूल. पहिल्या दिवशी ताप उलट वाढला आणि मी बाईंनाही शिव्या घातल्या. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होईल, म्हणून शिव्यांचा काही उपयोग झाला नाही. आठव्या दिवशी संध्याकाळ झाली आणि अंग तापलं नाही. मी थर्मामीटर परत लावायला सांगितला. सिस्टर म्हणाली, मोडलेला नाहीये. पंधराव्या दिवशी मी खुंट्याशिवाय कुशीवर वळलो. कुशीवर वळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे तुम्हाला सांगून कळायचं नाही, आणि कळू नये हेच बरं.

परबांचा हात धरून मी वॉर्डाच्या टोकापर्यंत गेलो. परत आलो. खाटेशी सुशीला उभी होती. ती म्हणाली, "टाच टेकवा नीट. फरफटवू नका." इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकला. मी टाच टेकवली.

जूनमध्ये मी मैदानात उभा राहिलो. काठी नव्हती. उजवा पाय किंचित ओढतो तो अजून ओढतो. हेडमास्तर गोड आवाजात म्हणाले, "मला खात्रीच होती."

सुशीलेच्या आग्रहाने एकदा गिरगावातही जाऊन आलो. म्हटलं, मोठ्या डॉक्टरांना कळू दे, पुढच्या माणसाचे दात तरी वाचतील. मी त्यांच्या खोलीत चालत गेलो. ते खुर्चीतून उठले, माझे दोन्ही खांदे धरले आणि बाकावरच्या पेशंटना म्हणाले, "बघा! काठीवर आले होते. दात काढले आणि आज चालतायत!" मी सांगायला लागलो, दूध, म्हशी, बाई, रक्त. ते मान हलवत राहिले. "जंतू! जंतूच म्हणालो होतो मी." जंतू म्हणाले ते खरंच. त्यांनी तो माझ्या तोंडात शोधला आणि तो माझ्या लोट्यात होता, एवढाच फरक. बाकावरची एक म्हातारी माझ्याकडे बघून हात जोडत होती आणि तिच्या तोंडात सगळे दात होते. तिला मी बाहेर नेऊन काय ते सांगितलं. तिने ऐकलं असेल असं वाटत नाही.

शिर्के

मग मी रामधनीकडे गेलो. पहाटे. म्हटलं, त्याला सांगावं, म्हशी डॉक्टरला दाखव, आणि गिऱ्हाइकांना तापवायला सांग. तो शेणाने भरलेले हात कमरेवर ठेवून म्हणाला, "मास्टरजी, पंद्रह साल पिया, तब तो कुछ नहीं बोला."

त्याच वेळी एक तरुण माणूस पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन म्हशीच्या बाजूला उभा होता. मुलीच्या तोंडाला पेला, ओठांवर फेस. मला बघून त्याचा चेहरा खुलला. शिर्के. माझा जुना विद्यार्थी, आता एका कचेरीत कारकून.

"मास्तर! बरे झालात! ही माझी कुसुम. तुम्ही शिकवलेलं विसरलो नाही हां. धारोष्णच पाजतो."

पंधरा वर्षं. दर वर्षी दीडशे पोरं. रांगेत उभी करून मी त्यांना हे सांगितलं होतं, आणि ज्याला कच्च्या दुधाने ओकारी यायची त्याची नक्कल करून दाखवली होती. बाई स्टुलावर बसून सांगत होत्या तेव्हा, नंतर खाटेवर, मैदानात, कुठेही मला ह्या पोरांची आठवण झाली नव्हती. मला फक्त माझे पाय दिसत होते.

"कडेवर का घेतली आहेस एवढ्या मोठ्या मुलीला?" मी विचारलं.

"पाय दुखतात म्हणते. वाढीचं वय ना, मास्तर. म्हणून तर रोज आणतो."

"संध्याकाळी अंग गरम लागतं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

मी पेला तिच्या तोंडापासून काढला आणि शेणात ओतला. रामधनी ओरडला, मुलगी रडायला लागली. त्याच दिवशी आम्ही तिघं घाटकोपरला गेलो. देसाईबाईंनी कुसुमचं रक्त घेतलं. तोच जंतू. लवकर सापडला, म्हणाल्या. दात काढायला कुणी नेलं नव्हतं हे तिचं नशीब. महिन्याभरात ती पोर अंगणात लंगडी घालायला लागली.

त्यानंतर एका रविवारी शिर्के मुलीला घेऊन आमच्या घरी आला. मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, अरे, माझ्यामुळे झालं हे तिला. मी शिकवलं म्हणून तू पाजलंस. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. "असू दे हो मास्तर. ओळखलंत तुम्हीच ना? तुम्ही नसतात तर माझी पोर गेली होती." आणि मी थांबवायच्या आत तो खाली वाकला, मुलीलाही वाकवलं, आणि माझ्या पायांना हात लावायला गेला.

देसाईबाईंनी मला बजावलं होतं की उजवा गुडघा आता पूर्वीसारखा चटकन वाकायचा नाही. त्या दिवशी वाकला. मी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.